गोळी घ्यायची तर पुरती घ्या

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आणि पीककर्जावर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. आम्ही त्यावर बोलणार नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीनंतर एका कार्यकर्त्याने आम्हाला मंडपामागे नेले, खिशातून गोळ्यांचे पाकीट काढले आणि हळूच विचारले, "भाऊ, ही गोळी घेतली तर माणूस वेडा ठरतो का?" पाकिटावर नाव होते एस्सिटॅलोप्रॅम. डॉक्टरांनी लिहून दिलेली. अकरा दिवस घेतली, फरक काही पडेना, उलट मळमळ सुरू झाली, म्हणून त्याने ती बंद केली होती. घरात कोणाला पत्ता नव्हता. पाकीट सरकीच्या रिकाम्या पिशवीत लपवलेले असायचे.

तो लपवत होता याला थोडे आम्हीही जबाबदार आहोत. शेतकरी मरतो तो दारूने, लग्नाच्या खर्चाने, मनाच्या दुबळेपणाने, असे सांगणारे शहाणे आपण खूप पाहिले. त्यांना आपण उत्तर दिले की तो मरतो घामाचे दाम न मिळाल्याने. ते उत्तर खरे होते आणि आजही खरे आहे. पण बोलण्याच्या भरात आम्ही असेही म्हणून गेलो की शेतकऱ्याला डॉक्टर नको, दाम पाहिजे. टाळ्या पडल्या. त्या गर्दीत तीन महिने झोप नसलेला, ज्वारीच्या कणसाकडे पाहूनही ज्याला काही वाटत नाही असा एखादा बसला असेल. त्याने घरी जाताना काय ऐकून नेले असेल? बैलाने मारले आणि पाय मोडला तर दोष बैलाचा, पण प्लास्टर पायालाच घालावे लागते. भावाची लढाई लढायची आहे म्हणून पाय तसाच ठेवा, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगतो. भाव पडला आणि दोन दिवस घास गोड लागला नाही, हा आजार नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त मन कशात लागत नाही, झोप उडते, भूक जाते, हात कामाला उठत नाहीत, जगून काय करायचे असे विचार येतात, तेव्हा तो आजार समजावा. त्यातही सौम्य असेल तर बोलण्याच्या उपचाराने भागते, गोळी लागतेच असे नाही. शिवाय कपाशी लाल पडली की ती अन्नद्रव्याच्या कमतरतेने की तुडतुड्याने, हे पाहिल्याशिवाय आम्ही कधी औषध सांगितले नाही. थायरॉईड बिघडले किंवा रक्त कमी झाले तरी माणूस असाच गळून जातो. म्हणून आधी तपासणी करावी. पाकीट दाखवून "हीच द्या" म्हणत मेडिकलच्या दुकानात जाऊ नये. कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून फवारून आपण किती पैसे घालवले ते आठवा.

या गोळ्यांचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध दिले, तर खाटेवरचे रोगी हसू-बोलू लागले. त्या धाग्यावरून शोध पुढे गेला. १९५७ च्या आसपास इमिप्रॅमिन आले, १९८७ साली अमेरिकेत फ्लुऑक्झेटिनला परवानगी मिळाली. आज बहुतेक ठिकाणी फ्लुऑक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम याच घराण्यातल्या गोळ्या लिहिल्या जातात. मेंदूच्या पेशींमधले सिरोटोनिन त्या लगेच वाढवतात, पण मन उभारी धरायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण दिसायला सहा ते आठ. असे का, याचे पूर्ण उत्तर शास्त्राकडेही नाही. पण युरिया टाकून दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन पाने मोजणारा शेतकरी आम्ही अजून पाहिला नाही. आमच्या त्या मित्राने अकराव्या दिवशी पाने मोजली.

त्याला घेऊन आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, झोपेत बदल, हे पहिले एक-दोन आठवडे होते आणि बहुधा ओसरते. त्यांनी अर्ध्या गोळीपासून, जेवणानंतर, पुन्हा सुरुवात करून दिली. सहाव्या आठवड्यात तो म्हणाला, "काल रात्री मला झोप लागली हे मला सकाळी कळले." नवरा-बायकोच्या संबंधातही या गोळ्यांनी अडचण येऊ शकते. लाजेने कोणी सांगत नाही आणि गोळीच सोडून देतो. डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते.

मग तो मृगाच्या पेरणीला लागला, अंगात बळ आले आणि "आता बरा झालो" म्हणून त्याने एका दिवसात गोळी टाकली. तिसऱ्या दिवशी चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, बैलांवर विनाकारण राग. त्याला वाटले, व्यसन लागले. हे व्यसन नव्हे. रोज मात्रा वाढवावीशी वाटत नाही, नशा येत नाही. शरीराला सवय झालेली असते, ती हळूहळू सोडवावी लागते, एवढेच. बरे वाटल्यानंतरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवायची, आजार आधी येऊन गेला असेल तर त्याहून जास्त, आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याने थोडी थोडी कमी करायची. सवय लावणारी गोळी वेगळी असते. झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी दिली जाते ती. ती थोड्या दिवसांसाठीच असावी. आपल्या पाकिटात कोणती आहे हे विचारून घ्या. एखादे दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

आता जे सर्वांत जपायचे ते. सुरुवातीच्या आठवड्यांत कधी कधी हातापायांत बळ आधी येते आणि मन मागे राहते. अस्वस्थता वाढते, मरणाचे विचार जोर धरतात. पंचविशीच्या आतल्या पोरापोरींत हा धोका जास्त दिसला आहे. म्हणून गोळी लपवून घेऊ नका. घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या, त्याने लक्ष ठेवावे. एका वेळी पंधरा दिवसांच्याच गोळ्या आणा आणि त्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या. फवारणीची औषधे कुलपात ठेवा, किल्ली आजारी माणसाकडे नको. याउलट माणूस झोपेविना फिरू लागला, अखंड बोलू लागला, पैसे उधळू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याला नुसती ही गोळी चालत नाही.

दारूबरोबर या गोळ्या नकोत. अंगदुखीसाठी आपण डायक्लोफेनॅक शेंगदाण्यासारखे खातो. या गोळ्यांबरोबर त्याने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलचाही मेळ धोक्याचा. एका पंपात तीन औषधे मिसळणाऱ्यांना हे जास्त सांगायला नको. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी पाकीट पुढे करा, पुडी किंवा काढा चालू असेल तर तेही सांगा. जुन्या अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हाताऱ्यांची लघवी अडते. गुंगी येते की नाही हे कळेपर्यंत ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि विहिरीचा काठ टाळावा. गरोदर बहिणीने भीतीने गोळी परस्पर बंद करू नये, विचारावे.

एक गोष्ट शहरातला डॉक्टर कदाचित विचारणार नाही, म्हणून आम्ही सांगतो. मळमळ, घाम, थरथर, जुलाब हे गोळीनेही होते आणि फवारणीच्या विषबाधेनेही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना आपली माणसे दगावली, ते कोणी विसरलेले नाही. ज्या दिवशी फवारले त्या दिवशी असे झाले तर "गोळीचा त्रास असेल" म्हणून घरी झोपू नका. औषधाचा डबा आणि गोळ्यांचे पाकीट, दोन्ही घेऊन सरळ दवाखाना गाठा.

१४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. सरकारची एखादी गोष्ट चांगली असली तर ती वापरायला आपल्याला कमीपणा नाही.

आमचा तो मित्र आज या मंडपात आहे की नाही, ते सांगणार नाही. त्याची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगितली. बैठक संपल्यावर आम्ही मंडपामागे तासभर थांबणार आहोत. ज्यांच्याकडे पाकीट असेल त्यांनी चिठ्ठीसह यावे. आम्ही शेतीचे पदवीधर, औषध सांगणार नाही. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते वाचून देऊ. आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांना भेटायचे असेल असे चार जण निघाले, तर सोमवारी सकाळी एकाच गाडीने जाऊ.