धुऱ्यावरचे बिनपगारी राखणदार
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज शेतीमालाच्या भावावर बोलायचे ठरले होते. बोलणारच आहे, पण जरा वळसा घालून. कपाशीचा खर्च मांडताना आपण बियाणे, खत, निंदण, वेचणी सगळे लिहितो. फवारणीचे डबे लिहितो. एका कामगाराची मजुरी मात्र कधीच लिहीत नाही, कारण तो ती मागत नाही.

पऱ्हाटीचे पान उलटून पाहा. मावा असेल तर जवळच ठिपक्यांचा ढालकिडा सापडेल. त्याची अळी काळपट, खरबरीत, मगरीच्या पिलासारखी दिसते. पुष्कळ जण तिला कीड समजून चिरडतात. मावा खाण्यात ती बापाच्या बरोबरीची आहे. केसाएवढ्या देठाच्या टोकावर पांढरा दाणा दिसला तर ते क्रायसोपाचे अंडे. बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालणारी ट्रायकोग्रामा एक मिलिमीटरपेक्षाही लहान, ती तर दिसतच नाही. कोळी आहेत, कोतवाल पक्षी आहे. ही सगळी फौज बिनपगारी.

आता प्रश्न असा की, उन्हाळ्यात रान उघडे पडते तेव्हा ही फौज राहते कुठे? ती राहते धुऱ्यावर, नाल्याच्या काठी, बोरी-बाभळीखाली, पडीत गवतात. बारीक गांधीलमाशांना मोठेपणी फुलातला मध लागतो. तो नुसत्या कपाशीत सगळ्या हंगामात पुरत नाही. धुरा कोरून दोन तास जास्त पेरले, उरलेल्यावर तणनाशक मारले, म्हणजे राखणदाराचे घर पाडले आणि मग राखणदार येत नाही म्हणून कृषी केंद्राच्या दुकानात उभे राहिलो.

आपल्या वऱ्हाडात एक पद्धत होती. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही तिची शिफारस केली: कपाशीच्या ६ ओळी, ज्वारीची १, तुरीच्या २, पुन्हा ज्वारीची १. जुनी माणसे हे पोटासाठी करत. कापूस बुडाला तर ज्वारी घरात, कडबा बैलाला. पण त्यात आणखी एक काम होत होते. ज्वारीवर मावा येतो. तो मावा कपाशीवर बसत नाही, पण त्याच्यावर पोसलेले ढालकिडे आणि क्रायसोपा शेजारच्या पऱ्हाटीवर उतरतात. ज्वारीच्या कणसावर पाखरू बसते, ते अळ्याही टिपते. चवळीचेही असेच. तिच्यावरचा मावा म्हणजे ढालकिड्यांची खानावळ.

आज गावाच्या टेकडीवरून पाहा. इकडे सोयाबीन, तिकडे कपाशी, शिवारभर दोनच रंग. खरिपाची ज्वारी जवळपास गेली. एका शेतकऱ्याने एका एकरात ओळी पाडून भागत नाही. ढालकिड्याला सातबारा वाचता येत नाही, तो शिवार पाहतो.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. अमेरिकेत मक्यापासून इंधन करण्यासाठी मक्याचा पेरा वाढला. तिथल्या ४ राज्यांचा हिशोब २००८ साली शास्त्रज्ञांनी मांडला. शिवार एकसुरी झाल्याने सोयाबीनवरचा मावा खाणारे कीटक घटतात, त्यामुळे उत्पन्नातली घट आणि वाढीव औषध मिळून शेतकऱ्यांचे वर्षाला ५ कोटी ८० लाख डॉलरचे नुकसान होते, असा त्यांचा अंदाज निघाला. श्रीमंत शेतकऱ्याचीही ही गत.

पण कोणी तुम्हाला सांगेल की धुरा हिरवा ठेवा आणि पंप विकून टाका, तर त्याचे ऐकू नका. २०१८ साली जगभरच्या १३२ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. शेताभोवती झाडोरा असला की कीड हमखास घटते, असा सरसकट नियम त्यातून निघाला नाही. काही ठिकाणी घटली, काही ठिकाणी वाढली. पिठ्या ढेकणाचेच पाहा. तो गाजरगवतावर आणि पेटारीवर राहतो, म्हणजे धुऱ्यावर शत्रूही राहतो. २००६ नंतर त्याने कपाशीत धुमाकूळ घातला. मग एनासियस नावाची इवलीशी गांधीलमाशी त्याच्यात अंडी घालताना आढळली. तिला कोणी मुद्दाम आणून सोडले नव्हते. २००९ साली शास्त्रज्ञांनी तिचे नाव नोंदवले. फुगून तांबूस, कडक झालेला ढेकूण दिसला तर त्याच्या पोटात ती आहे असे समजा. त्याच्यावर औषध मारणे म्हणजे आपल्याच माणसावर गोळी झाडणे.

गुलाबी बोंडअळीचे गणित निराळे आहे. ती मुख्यतः कपाशीवरच जगते आणि बोंडाच्या आत बसते. तिथे ना ढालकिडा पोचतो, ना औषध. २०१७ च्या हंगामात बी.टी. बियाण्यालाही ती बधली नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. मी बियाण्याच्या विरोधात बोलायला उभा नाही. नवे तंत्रज्ञान मिळाले पाहिजे ही आपली मागणीच आहे. पण या अळीला उपाशी मारायचे तर शिवारात काही महिने कपाशीच नको. फरदड ठेवायची नाही, पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर लावायचे नाहीत. फरदडीच्या दोन क्विंटलांवर सावकाराचे व्याज फिटते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे एकट्याने होत नाही. शेजाऱ्याची फरदड उभी असेल तर तुमची उपटून उपयोग थोडा.

आता भावाकडे येतो. ज्वारी का गेली? रानडुकरे आहेत, पावसात कणीस काळे पडते, हे खरे. पण मुख्य कारण भाव. २०१७-१८ साली संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला १७०० रुपये होता, पुढच्या वर्षी तो २४३० झाला. चांगले झाले. पण भाव जाहीर होणे आणि त्या भावाने माल मोजून घेतला जाणे यात किती अंतर असते, ते तुम्हाला सांगायला नको. शिवारात ज्वारी परत यावी असे सरकारला वाटत असेल तर खरेदीचा काटा गावाजवळ आणि वेळेवर लागला पाहिजे. ज्वारी घेणारा शेतकरी शेजाऱ्याच्या कपाशीचीही राखण करतो. त्याची मजुरी कोण देणार?

तोवर आपल्या हातातले करू. मृगाआधी गावात बसा. नाल्याकाठचा आणि मोठ्या धुऱ्याचा झाडोरा कोणी तोडायचा नाही, गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी उपटायचे, हे ठरवा. पेरणीनंतर पहिल्या फवारणीची घाई करू नका. आधी वीस झाडे फिरून पाने उलटा, कीड मोजा आणि तिला खाणारेही मोजा. आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे लिहून आणावेत: गावात ज्वारीचा पेरा किती एकर झाला, आणि शेवटची पऱ्हाटी कोणत्या तारखेला उपटली.