पावसावर छप्पर



रत्नागिरीत हापूसवर बोलायला माणसं कमी नाहीत, कोथिंबिरीवर बोलायला मात्र कुणी उठत नाही. ते काम आज संयोजकांनी माझ्यावर सोपवलं, त्यांचे आभार.

पावसाळ्यात आपल्या बाजारात येणारी बरीचशी कोथिंबीर, टोमॅटो आणि ढोबळी मिरची आंबा घाट उतरून येते. दरड आली की गाडी थांबते आणि जुडीचा भाव चढतो. २०२१च्या जुलैत हे आपण सगळ्यांनी पाहिलं. यावर एक ठरलेलं उत्तर सुचवलं जातं, पॉलिहाऊस बांधा. बांधायला माझी हरकत नाही. पण कशासाठी बांधतोय, ते आधी ठरू दे.

प्लास्टिकचं हरितगृह ही थंड मुलखाची गरज. १९४८ साली अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्ट यांनी काचेचा खर्च टाळायला चौकटीवर सेलोफेन ताणलं, पॉलिथीन नंतर आलं. तिथे टोमॅटो लवकर लावायचा तर उन्हाची ऊब कोंडावी लागते. लेहमध्येही तेच चालतं. जमिनीत खंदक खणायचा, वर पॉलिथीन घालायचं आणि रात्री त्यावर पांघरूण टाकायचं. आपल्याकडे पारा पंधराच्या खाली क्वचितच जातो, मग ऊब कोंडून करायचं काय? मे महिन्यात भर दुपारी बंदिस्त पॉलिहाऊसात शिरा, पाच मिनिटांत सदरा पिळायची वेळ येते. रात्रीही उकाडा राहिला तर टोमॅटोचं फूल गळतं. हवा दमट असली की पराग चिकटून बसतात, सुटत नाहीत. त्यात चारी बाजूंना बारीक जाळी मारली की किडीबरोबर मधमाशीही बाहेर राहते. मग फळ धरत नाही आणि साधी काकडी लावणारा बियाणेवाल्याच्या नावाने बोटं मोडतो.

आपलं दुखणं पाऊस आहे. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटर, कधी त्याहूनही जास्त. थेंबांच्या माऱ्याने माती उडते, पानाच्या खालच्या अंगाला बसते आणि सोबत बुरशी नेते. कोथिंबीर तर उगवतानाच झोडपली जाते. म्हणून आपल्याला वर प्लास्टिकचं कापड आणि चारी बाजू मोकळ्या, एवढंच हवं. केरळात हा प्रकार ‘रेन शेल्टर’ म्हणून रुळला आहे. मात्र मर रोगाला छप्पर पुरत नाही. सकाळी टवटवीत दिसलेलं मिरचीचं झाड दुपारी हिरवंच्या हिरवं मान टाकतं. त्याचं खोड कापून ग्लासभर पाण्यात धरा, दुधाळ धागा खाली सुटताना दिसला तर तो जिवाणू. तिथे गादीवाफा उंच हवा, आणि टोमॅटो-वांग्याची कलमं रानवांग्याच्या खुंटावरची हवीत.

छपराच्या कमानी उभ्या करताना वारा विसरू नका. नैर्ऋत्येचा वारा लांब बाजूवर आडवा बसला तर कापडाचं शीड होतं. सड्यावर जांभ्यात खड्डा घेणं कष्टाचं, म्हणून पायात कसर करण्याचा मोह होतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात काय केलं, ते आठवा. वादळाचा इशारा आला की कापड झटपट उतरवता आलं पाहिजे, नाहीतर कापडाबरोबर कमानीही जातात.

आणि कृपा करून पडवळ, शिराळी, कारली छपराखाली नेऊ नका. त्यांना मांडव पुरतो. दापोलीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने कोकण श्वेता, कोकण हरिता, कोकण तारा या जाती दिल्या आहेत, त्या उघड्यावर घ्या. छपराची महागडी जागा कोथिंबीर, मेथी, मिरची आणि रोपवाटिकेसाठी ठेवा.

या छपरात मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्याच्या कडेची पन्हळ. गुंठाभर छपरावर तीन मीटर पाऊस पडला की तीन लाख लिटर पाणी होतं. ठिबकवर गुंठाभर भाजीला उन्हाळ्यात दिवसाला पाचशे लिटर धरा. फेब्रुवारी ते मे मिळून साठ हजार होतात. म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याचा पाचवा हिस्सा झाकलेल्या टाकीत अडवला, तरी उन्हाळी भाजी निघते. एवढ्या पावसाच्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांवर टँकर फिरतो, हे मला आजही लाजिरवाणं वाटतं. खळ्यातला मांडव आपण दिवाळीनंतर उन्हासाठी घालतो आणि पावसाआधी उतरवतो, या छपराचा क्रम उलटा. पाऊस सरला की कापड गुंडाळा आणि उन्हं तापली की त्याच कमानींवर शेडनेट चढवा.

एकात्मिक फलोत्पादन अभियानात हरितगृहाला पन्नास टक्के अनुदान मिळतं. ते घ्यावंच. पण अनुदान मिळतंय म्हणून घाटावरचा आराखडा जसाच्या तसा खाली उतरवणं मला पटत नाही. दुपारी या सभेच्या ठरावाचा मसुदा वाचला जाईल. त्यात ‘कोकणासाठी विशेष पॅकेज’ एवढंच लिहिलेलं असेल तर मी सही करणार नाही. बाजू किती उंच मोकळी ठेवायची, कमानींत अंतर किती, पाया किती खोल, पन्हळीचं पाणी कुठे न्यायचं, हे आकडे त्यात घाला. घालायला दुपारपर्यंत वेळ आहे.