गरीब म्हणजे परका

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस. अर्थशास्त्राशी माझा संबंध बी. ए.च्या वर्गापुरता, आणि तोही पास होण्याइतकाच. तरीही ‘विकास, रोजगार आणि गरिबी’ या विषयावर बोलाल का, असे विचारले गेले तेव्हा मी लगेच होकार दिला. त्याला कारण एक शब्द आहे. ‘गरीब’ हा तो शब्द.

हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. आपण तो ‘पैसा नसलेला’ या अर्थाने वापरतो. गरीब गाय म्हणतो तेव्हा साधीभोळी असे म्हणायचे असते. मूळ अरबीत मात्र ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला माणूस. देश सोडून लांब राहणाऱ्याला उर्दूत आजही ‘गरीबुलवतन’ म्हणतात. परका आणि निर्धन हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले, हे भाषेचे अभ्यासक सांगतील. आमच्या घरात ते दोन्ही एकत्रच नांदत होते.

आमचे गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचे, म्हणजे पावसाने नेहमी हुलकावणी द्यायची अशा भागातले. अब्बा पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून ते गावोगाव फिरत, गाद्या-उशांचा कापूस पिंजून देत. १९७२ साली पाऊस पडलाच नाही. पाऊस नाही म्हणून पीक नाही, आणि पीक नाही म्हटल्यावर गादी भरून घेतो कोण? दुष्काळ धान्य नेतो हे सगळ्यांना दिसते. त्याच्याआधी तो कारागिराचे गिऱ्हाईक नेतो, हे मात्र पुस्तकात मी फार उशिरा वाचले. कुंभार, चांभार, न्हावी, पिंजारी यांचा दुष्काळ शेतकऱ्याच्याही आधी सुरू होतो. अब्बा भिवंडीला हमालीला गेले. अम्मा दोन लेकरांना घेऊन गावातच राहिली आणि पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. मी तेव्हा तिच्या पोटात होतो. १९७३ च्या पावसाळ्यात मी जन्मलो. त्यामुळे त्या कामावर मीही होतो, असे मी गमतीने म्हणतो. फक्त माझे नाव हजेरीपटावर नव्हते.

अशा माझ्यासारख्याला कॉलेजात पहिल्यांदा ‘दरडोई उत्पन्न’ शिकवले गेले तेव्हा काही तरी खटकले होते. काय खटकले ते सांगता येत नव्हते, आज सांगतो. एक मनचे उदाहरण घ्या. एका वस्तीत दहा कुटुंबे आहेत. एक बागाईतदार, वर्षाला दहा लाख मिळवणारा. नऊ मजूर, प्रत्येकी पन्नास हजार मिळवणारे. सरासरी निघते एक लाख पंचेचाळीस हजार. पुढल्या वर्षी द्राक्षाला भाव लागला, बागाईतदाराचे दहाचे वीस लाख झाले, मजुरी तेवढीच राहिली. सरासरी झाली दोन लाख पंचेचाळीस हजार. वस्ती एक लाखाने पुढे गेली आणि दहातली नऊ घरे जागच्या जागी! याला वाढ म्हणतात. ती हवीच, कारण वाढच नसेल तर वाटायचे काय? पण त्या नऊ घरांपर्यंत ती पोचते का, हा विकासाचा प्रश्न आहे. आणि पोचण्याचा सगळ्यांत सरळ रस्ता म्हणजे काम.

आपल्या नाशिक जिल्ह्यात हे रोज दिसते. एका बाजूला नाशिकरोडचा १९२५ पासूनचा सरकारी छापखाना, ओझरचा विमानांचा कारखाना, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा, लासलगावचा कांदा. दुसऱ्या बाजूला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरचे डोंगर. तिथे पाऊस धो-धो पडतो आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. भात, नागली, वरई एकदा निघाली की शेतात काम उरत नाही. मग दिवाळी झाली की बिऱ्हाडे निघतात, बागांच्या विरळणीला, डिपिंगला आणि शेवटी द्राक्षे काढायला.

दिंडोरीकडे एका बागेच्या कडेला पाल टाकून राहिलेल्या एका बाबांशी मी बोलत होतो.

“कुठले तुम्ही, बाबा?”

“सुरगाण्याकडले, दादा.”

“घरी कोण आहे मग?”

“म्हातारी हाय. नि कोंबड्या.”

शंभर किलोमीटरच्या आत, आपल्याच जिल्ह्यात, हा माणूस परका झालेला होता. त्याची लेकरे पालाशेजारी खेळत होती. म्हणजे इकडे शाळेत नव्हती आणि तिकडच्या शाळेच्या पटावर त्यांची नावे तेवढी होती. तो बेकार होता का? मुळीच नाही. पहाटेपासून राबत होता. बेकार बसणे गरिबाला परवडतच नाही, बसला तर संध्याकाळी चूल पेटत नाही. म्हणून नुसती बेकारांची मोजदाद केली तर गरिबी हाती लागत नाही. काम किती दिवस मिळते, कुठे मिळते आणि त्याचे दाम किती, हे तिन्ही विचारावे लागते. ‘रोजगार’ या शब्दातला ‘रोज’ म्हणजे दिवस. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि पोट त्यातल्या एकाही दिवशी सुट्टी घेत नाही, ही खरी अडचण आहे.

महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या अडचणीवरचे एक उत्तर आपल्याच मातीत तयार झाले. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची. १९६५ च्या सुमारास त्यांच्या भागात तिचा प्रयोग झाला. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक पोटापुरतेही मिळवत नाहीत, असे त्यात निघाले, आणि त्यांनीही सार्वजनिक कामांच्या हमीचाच उपाय सुचवला. १९७२ साली योजना राज्यभर जाहीर झाली तोच दुष्काळ येऊन ठेपला आणि दुष्काळी कामे काढावी लागली. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. अम्मा त्यांतली एक.

अम्मा सांगायची, कामावर सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो मिळे. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. पण आठवड्याचा पगार हातात पडला की बाजारच्या दिवशी किराणावाल्याच्या दारात तिला उभे राहता येत असे. उधारी मागायला नव्हे, घ्यायला. तिच्या पैशावर किराणावाला तगला, तेलवाला तगला. मजुरीचा एक रुपया गावात तीन-चार हात फिरतो, असे अर्थशास्त्री म्हणतात ते हेच.

पुढे १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणे हा हक्क ठरला. या योजनेच्या दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली म्हणजे गरीब ओळखायला इथे दाखला लागत नाही. उन्हात खडी फोडायला गरज नसलेला माणूस येतच नाही. दुसरी गोष्ट पैशाची. १९७५ साली आलेला व्यवसाय कर या योजनेसाठी होता. नोकरदार श्रोत्यांनी आपल्या पगाराची पावती काढून पाहावी. दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतील. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या चुलीला हातभार लावायचा, ही त्यामागची भावना. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आणखी एक परिणाम झाला, जो कागदावर लिहिलेला नव्हता. जवळपास हमीचे काम चालू असले की शेतावरची बाई कमी मजुरीला ‘नाही’ म्हणू शकते. असे ‘नाही’ म्हणता येणे हीसुद्धा एक मिळकतच आहे. शिवाय मागे काही तरी उरते. पाझर तलावाने विहिरीला पाणी येते. १९९० पासून हीच योजना फळबागांना जोडली गेली आणि कोरडवाहू रानात डाळिंब, आंबा, बोर उभे राहिले. आज दिलेली मजुरी उद्याच्या कामाची सोय करते, तेव्हा मदतीचा विकास होतो.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. खोट्या हजेऱ्या लागल्या, अर्धवट रस्ते पावसात वाहून गेले. सगळ्यांत वाईट म्हणजे पगार लांबले. आज राबून दोन महिन्यांनी पैसे मिळणार असतील तर मजूर थांबेल कशाला? तो बिऱ्हाड उचलतो आणि उचल देणाऱ्या मुकादमाच्या मागे जातो. हमी आहे, पण वेळेवर नाही, म्हणजे ती नाहीच.

महाराष्ट्राच्या अनुभवावरून केंद्राने २००५ साली देशभरासाठी कायदा केला. वर्षाला शंभर दिवस काम, मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. त्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद अंतराची. काम शक्यतो पाच किलोमीटरच्या आत द्यायचे, त्यापलीकडे दिले तर दहा टक्के मजुरी जास्त. कायदा लिहिणाऱ्यांना ‘गरीब’ शब्दाचा मूळ अर्थ माहीत असेल-नसेल, त्यांनी त्यावरचा इलाज मात्र लिहून ठेवला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस सव्वाशे आहेत. दिवस वाढले याचा आनंद आहे. ते मागेल तेव्हा मिळतात का आणि पैसे कधी हातात पडतात, यावर त्यांची किंमत ठरेल.

श्रोतेहो, गाव सोडणे वाईटच, असे मला म्हणायचे नाही. १९७३ च्या पावसानंतर अब्बा परत आले. काही वर्षे धनुकली चालली. पुढे पिंजण्याची यंत्रे आली, फोमच्या गाद्या आल्या आणि तो धंदा बसला. मीही गाव सोडून नाशिकला आलो. पण मी कॉलेजात शिकायला आलो, एस.टी.च्या खिडकीत बसून, अम्माने बांधून दिलेली भाकरी घेऊन. मला कोणी हाकलले नव्हते. अब्बांना भिवंडीला भुकेने हाकलले होते. दोघांनीही गावच सोडले, पण त्या दोन जाण्यांत फार अंतर आहे. ते अंतर कापायला आमच्या घराला एक पाझर तलाव, एक गावातली शाळा आणि वीस वर्षे लागली.

प्रदेशाचा विकास मोजायच्या पुष्कळ रीती आहेत. तज्ज्ञांनी त्या जरूर वापराव्यात. मी माझी साधी रीत सांगतो. दिवाळीनंतर महिनाभराने सुरगाण्या-पेठेच्या एखाद्या पाड्यावर जावे आणि किती दारांना कुलूप आहे ते मोजावे. दर वर्षी त्यातली दोन-चार कुलपे कमी होत असतील, तर विकास तिथे पोचू लागला असे समजावे.

आमच्या गावच्या त्या तलावात चांगल्या पावसाच्या वर्षी आजही पाणी साचते. अम्मा होती तोवर गावी गेलो की मला भरावावर घेऊन जायची. एका जागी थांबून म्हणायची, “हा एवढा तुकडा आमच्या टोळीचा.” त्या गावात आमची जमीन गुंठाभरही नव्हती. पण तिथे उभी असताना ती परकी दिसत नसे.