वाटाड्याचं पोट का बिघडलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ‘संगीत सौभद्र’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, नाहीतर त्यातली पदं तरी ऐकली असतील. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आलं. त्यात अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो. बलरामाला तो खराच यती वाटतो, म्हणून तो त्याला आदरानं घरी नेतो आणि त्याच्या सेवेला सुभद्रेलाच ठेवतो. कृष्णाला सगळं ठाऊक, प्रेक्षकांनाही ठाऊक. पण मला नेहमी गंमत वाटते ती बलरामाचं काम करणाऱ्या नटाची. भगव्या छाटीत कोण आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. तासाभरापूर्वी दोघं एकाच आरशासमोर रंग लावत बसलेले असतात. पण रंगमंचावर आला की तो हात जोडून त्या यतीसमोर वाकतो, आणि डोळ्यांत ओळखीचं चिन्हही दिसू देत नाही. एकदा जरी तो गालातल्या गालात हसला, तरी पुढचं नाटक संपलंच.

नटाला जे ठाऊक आहे ते पात्राला ठाऊक नाही. आज मला याच गोष्टीविषयी बोलायचं आहे. मात्र नाटकाच्या नव्हे, खेळाच्या संदर्भात. आणि त्या खेळात माझ्या हातून जे घडलं, तेही सांगायचं आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. संगणकाशी माझा संबंध व्हाउचर भरण्यापुरता. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा माझी पुतणी आमच्याकडेच अडकली. ती आणि तिचे मित्र दर शनिवारी रात्री इंटरनेटवरून एक खेळ खेळायचे. एक भिडू कमी पडला, म्हणून ती म्हणाली, “काका, तुम्ही या.” मला वाटलं, पत्ते असतील.

पत्ते नव्हते. या खेळाची मूळ जात १९७४ सालची, अमेरिकेतली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्यात एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो: तुम्ही जंगलात आहात, समोर पडकी गढी आहे, आतून धूर येतोय. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं, ते बोलून सांगतात. काम जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशानं ठरतं. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी या धर्तीचा एक खेळ संगणकावर आणला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, पण अनेकांनी एकाच वेळी खेळायची सोय. आज लाखो लोक इंटरनेटवर जे भूमिकांचे खेळ खेळतात, त्यांची वंशावळ त्या ‘मड’ नावाच्या खेळापर्यंत जाते.

या सगळ्या खेळांत एक अलिखित, आणि आता बऱ्याच ठिकाणी चक्क लिहिलेला, नियम आहे. खेळाडू म्हणून तुम्हाला जे माहीत आहे, ते तुमच्या पात्रानं वापरायचं नाही. वापरलंत तर त्याला ‘मेटागेमिंग’ म्हणतात, आणि मुलांच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा येतो.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. आम्ही बँकेतली माणसं. शेजाऱ्याच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे सकाळी पाहायचं आणि संध्याकाळी त्याच्याच ओसरीवर बसून “यंदा ओढाताण आहे हो” हे त्याचं रडगाणं गंभीर चेहऱ्यानं ऐकायचं, ही आमची तीस वर्षांची साधना. मला कोण शिकवणार?

पण गप्प बसणं वेगळं आणि माहीत नसल्यासारखं वागणं वेगळं. एक उदाहरण देतो. या खेळात ट्रोल नावाचा एक राक्षस आहे. त्याला कितीही वार करा, जखमा भरून येतात. आगीनं किंवा आम्लानं झालेली इजा मात्र भरत नाही. नव्या खेळाडूला हे धडपडून, मार खाऊन कळतं, आणि त्यात मोठी मजा असते. जुना खेळाडू मात्र ट्रोल दिसल्याबरोबर मशाल पेटवतो. मग सूत्रधार विचारतो, “तुझ्या पात्रानं आजवर गावची वेस ओलांडलेली नाही. त्याला हे कुणी सांगितलं?” आता तो काय करणार? मशाल पेटवली तर लबाडी. मुद्दाम पेटवली नाही, तर तेही ढोंगच. खरोखर अजाण असलेल्या माणसानं कदाचित घाबरून हाताला लागलेली मशाल फेकलीही असती! एकदा माहीत झालं की अजाणपणाकडे परत जायला रस्ता नसतो.

दुसरी गंमत फाशाची. मी सांगतो, “मी खोली नीट तपासतो,” आणि फासा टाकतो. एकोणीस पडले आणि सूत्रधार म्हणाला, “काही नाही,” तर मी निर्धास्त झोपतो. पण तीन पडले आणि तो तेच शब्द म्हणाला, तर? माझ्या पात्राच्या कानावर तेच वाक्य पडलंय, पण मला ठाऊक आहे की शोध फसलाय. लगेच दुसरा म्हणतो, “मग मीही एकदा बघतो.” म्हणून पुष्कळ सूत्रधार असे फासे स्वतःच, आडोशाला टाकतात.

मानसशास्त्रज्ञांनी याचं मूळ लहान मुलांत पाहिलं आहे. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये वापरलेली एक चाचणी प्रसिद्ध आहे. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ॲन नावाची बाहुली ती गोटी काढून पेटीत ठेवते. सॅली परत आली, तर ती गोटी कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा पेटीकडे बोट दाखवतं, कारण गोटी कुठे आहे हे त्याला माहीत असतं. चौथ्या-पाचव्या वर्षी ते टोपली दाखवू लागतं. आपण मोठे यातून पार पडलेले असतो, असं वाटतं. पण तसंही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. ऐकणाऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर वाजत असतात ना! ते समोरच्याला ऐकू येत नाहीत, हे त्याला पटतच नाही.

इंटरनेटवर तर ही पंचाईत दसपट होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ पासून चालू असलेल्या खेळात प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं. पण मन लावून भूमिका वठवणारे खेळाडू ते नाव वाचलंच नाही असं मानतात. समोरच्यानं ओळख करून दिल्याशिवाय नावानं हाक मारायची नाही. मध्येच खेळाडू म्हणून बोलायचं असेल, “थांबा, दूध उतू जातंय” असं काही, तर ते दुहेरी कंसात लिहायचं. कंसातलं वाक्य पात्रांना ऐकू जात नाही. मला ही रीत फार आवडली. आपल्या घरगुती भांडणांतही असा दुहेरी कंस हवा होता.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’मधलं शहर वापरून खेळले जाणारे भूमिकांचे खेळ आपल्याकडची मुलंही हिंदीतून खेळतात. कुणी पोलीस, कुणी टॅक्सीवाला, कुणी दरोडेखोर. त्यांतले काही जण आपला खेळ थेट प्रक्षेपित करतात. आता दरोडेखोरानं माल कुठे लपवला, हे घरी बसलेल्या पोलिसाला त्या प्रक्षेपणातच दिसतं! शिवाय पाहणारे मदतीला टपलेले, “तुझ्यामागे गाडी आहे” असं लिहून कळवणारे. म्हणून तिथे नियम कडक. अशी बाहेरची माहिती वापरली, तर खेळातून काढून टाकतात. बऱ्याच ठिकाणी आणखी एक नियम असतो. तुमचं पात्र मारलं गेलं आणि पुन्हा उभं राहिलं, तर आपल्याला कुणी आणि का मारलं, ते त्यानं विसरायचं. सूड घ्यायला जायचं नाही. असा विसर हुकमानं पाडता आला असता, तर आपल्याकडचे कितीतरी जमिनीचे दावे मिटले असते.

आता माझी गोष्ट.

आमच्या खेळात मी एक म्हातारा वाटाड्या होतो. नागपूरचा एक मुलगा वैदू होता. त्याला मी तोवर प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं, नुसता आवाज ओळखीचा. मुक्काम पडला की त्याचा वैदू सगळ्यांना काढा द्यायचा. “घ्या काका, सांधे मोकळे होतील,” असं तो म्हणायचा आणि माझा वाटाड्या दर वेळी तो काढा प्यायचा. तीन महिने हे चाललं होतं. कुणी त्याकडे लक्षही देत नव्हतं.

एका बुधवारी रात्री मी पाणी प्यायला उठलो. पुतणीच्या खोलीची भिंत पातळ आहे. ती त्या मुलाशी बोलत होती. वैदू हा शत्रूचा हेर होता, पहिल्या दिवसापासून. आणि येत्या शनिवारी काढ्यात गुंगीचं औषध पडणार होतं. मी तिथून हलायला हवं होतं. हललो नाही, हे कबूल करतो.

शनिवारी मुक्काम पडला. वैदू म्हणाला, “घ्या काका.” आणि मी म्हणालो, “आज नको. वाटाड्याचं पोट बरं नाही.”

सगळे गप्प झाले. इंटरनेटवरची शांतता फार वाईट असते, कारण कुणाचा चेहरा कुठे वळलाय ते कळत नाही. मग पुतणी सूत्रधाराच्या आवाजात म्हणाली, “वाटाड्याचं पोट का बिघडलं?”

मी म्हणालो, “वय झालं.” एकजण हसला. नागपूरचा मुलगा हसला नाही. म्हणाला, “ठीक आहे काका,” आणि काढा ओतून टाकला. त्या रात्री पुढचा खेळ रंगलाच नाही.

पुतणी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मी तिला सांगून पाहिलं, की खेळच तो, आणि जीव वाचवणं हा कुठल्याही पात्राचा धर्म आहे. ती म्हणाली, “काका, त्यानं तीन महिने रोज काढा दिला तो या एका रात्रीसाठी. तुम्ही तो ऐकलात, कमावला नाहीत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षांत एका खातेदाराची गोष्ट बाहेर फुटू दिली नाही, याचा मला अभिमान होता. आणि इथे एका पोराची मेहनत मी भिंतीआडून चोरली होती.

पुढच्या शनिवारी खेळ सुरू होण्याआधी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आढेवेढे न घेता, दुहेरी कंसात म्हणा हवं तर. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो नागपूरचा मुलगाच म्हणाला, “वाटाड्याला माहीत नसतं तर त्यानं काय केलं असतं, तेवढंच सांगा.”

श्रोतेहो, या प्रश्नानं माझी मोठी अडचण सुटली. तोवर मी माझ्या डोक्यातलं ज्ञान पुसायला बघत होतो, आणि ते पुसलं जात नाही. पण वाटाड्याची सवय मला ठाऊक होती. तीन महिने तो काढा प्यायला होता, त्या रात्रीही प्यायलाच असता. जिथे सवयीचा आधार नाही तिथे फाशावर सोपवावं, हेही मी मग शिकलो: पाचच्या खाली पडलं तर संशय आला, नाहीतर नाही. आपण कसे वागलो असतो, याचा निवाडा आपणच करायला बसलो की पारडं आपल्याकडे झुकतंच.

सगळीकडे हाच नियम हवा, असं मात्र मी म्हणणार नाही. काही मंडळी सुरुवातीलाच सगळी गुपितं एकमेकांना सांगून टाकतात, आणि आपलं पात्र कसं फसतंय हे बघण्याची मजा घेतात. सौभद्राचा प्रेक्षक घेतो तशी. मला तर वाटतं, गुपितांचं स्तोम जरा जास्तच माजवलं जातं. पण कोणत्या पद्धतीनं खेळायचं ते आधी ठरलेलं असावं. आमचं ठरलं होतं.

तर ती रात्र आम्ही पुन्हा खेळलो. वैदू म्हणाला, “घ्या काका, सांधे मोकळे होतील.” त्याचा आवाज किंचित कापत होता, की मला तसं वाटलं कोण जाणे. मी काढा घेतला. वाटाड्या आडवा झाला आणि पहाटे शत्रूच्या लोकांनी त्याला तिथेच संपवला. चार महिने सांभाळलेलं माझं पात्र! खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मग पुतणीनं मला नवं पात्र दिलं, गढीवरचा तरणा पहारेकरी. त्याला वैदूची ओळखच नाही. पहिल्याच भेटीत त्यानं वैदूला वाकून नमस्कार केला आणि गुडघ्यावर औषध मागितलं. नागपूरचा मुलगा हसत सुटला.

खेळ अजून चालू आहे. टाळेबंदी केव्हाच संपली, पण पुतणीची नोकरी इथेच असल्यानं खोली तीच आहे आणि भिंतही तीच. दर बुधवारी रात्री नऊला ती दार लावून घेते आणि मी टीव्हीचा आवाज वाढवतो. आमच्या हिला वाटतं, मला हल्ली कमी ऐकू येतं.