वाण्याची वही



गिरणीचा पगार झाला की वाण्याची उधारी फिटायची, हे सासूबाईंकडून मी पुष्कळदा ऐकले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पगार थांबला, वाण्याची वही मात्र भरत गेली. कित्येक बिऱ्हाडे गावी परतली आणि उधारी बुडाली. मग आपल्या गिरणगावात एकेका दुकानाला फळ्या लागल्या.

फिनिक्स गिरणीच्या आवारात आता मॉल आहे. तेथला गारवा मलाही आवडतो, खोटे कशाला बोलू? पण पगाराआधी पाव किलो तेल तेथे कोण वहीवर लिहून देईल? आमच्या गल्लीत एकच वाणी उरला आहे. दिवाळीनंतर तोही दुकान बंद करायचे म्हणतो. ज्यांना जमेल त्यांनी महिन्याच्या किराण्याची यादी शनिवारी माझ्याकडे द्यावी.