तळाशीं राहिलेला वायसर

विहिरीवर चालणाऱ्या लहान डिझेल एंजिनाचा आवाज महाराष्ट्रांतील खेड्यांना नवा नाहीं. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढील कांहीं दशकांत मोटेचे बैल हळूहळू विहिरीवरून दूर झाले. विजेचे पंप आल्यावरहि हें एंजिन नाहींसें झालेलें नाहीं. जेथें वीज अपरात्रीं येते किंवा येतच नाहीं, तेथें पिकाचा भरंवसा त्याच्यावरच असतो. शहरवासीयांना तें इमारतीच्या कामावर, काँक्रीट कालविणाऱ्या यंत्रापाशीं धडधडतांना दिसतें.

या एंजिनांत तांब्याची एक लहानशी चकती असते. फिटर तिला वायसर म्हणतात. १९४३ ते १९४७ या काळांत पाडलेला भोंकाचा पैसा ज्या श्रोत्यांनीं घरांत जपून ठेवला असेल, त्यांना तिचें रूप निराळें सांगावयास नको. किंमत अगदीं थोडी, पण कामें तीन. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा सुमारें सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबानें ती ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापते, आणि मग इंजेक्टरच्या नोझलमधून डिझेलचा सूक्ष्म फवारा तींत सुटून पेट घेतो. हा इंजेक्टर हेडमधील एका खोल खळग्यांत बसतो. खळग्याच्या तळाशीं, बिडाचें हेड आणि इंजेक्टर यांच्या मध्यें, वायसर दाबून बसविलेला असतो. जळत्या वायूला बाहेर फुटूं न देणें हें त्याचें पहिलें काम. नोझलची उष्णता हेडकडे पोंचविणें हें दुसरें. आणि नोझलचें टोंक किती खालीं यावें हें ठरविणें तिसरें. या तिसऱ्या कामाचा विसर पडतो, आणि तेथेंच घोटाळा होतो.

चैत्र-वैशाखाचे दिवस असतात. ऊस पाण्यावांचून उभा असतो. एंजिन काळा धूर ओकतें म्हणून फिटरला बोलावणें जातें. इंजेक्टर बाहेर निघतो, पण त्याच्या टोंकाला वायसर नसतो. तो खालींच चिकटून राहिलेला असतो, आणि काजळीमुळें बिडाहून वेगळा ओळखूंहि येत नाहीं. “मिस्त्री, आज पाणी सुटलें पाहिजे हो,” असें मालक घटकेघटकेला म्हणत असतो. नवा वायसर पिशवींत तयार असतो. तो वरून टाकून इंजेक्टर आंवळला तर एंजिन चालूं होतें. मालकाचें समाधान होतें, फिटरची मजुरी सुटते. एंजिन चालूंच झालें नसतें तर फार बरें झालें असतें.

कारण दोन वायसरांमुळें नोझल दीड-दोन मिलिमीटर वर राहतें. पिस्टनच्या माथ्यावरील वाटींत पडावयाचा फवारा तिच्या कांठावर आदळतो. कांहीं डिझेल अर्धवट जळून काजळी होतें, कांहीं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून वंगणांत मिसळतें. एका वायसराला दोन सांधे बंद करावयाचे असतात. दोन वायसर झाले कीं सांधे तीन होतात, आणि मधल्या सांध्याच्या वांट्याला जुन्याचा खडबडीत पृष्ठभाग येतो. ज्या धुरासाठीं फिटर आला तो धूर पुन्हां सुरू होतो. कित्येकदां तर वायसर इंजेक्टरबरोबर वर येतो आणि तरीहि खालीं आणखी एक असतो, मागील दुरुस्तीचा! म्हणून खळगा पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

एंजिन तापलेलें असतां वायसराच्या मागें लागूं नये. तापल्यावर तांबें बिडापेक्षां अधिक फुगतें, निवल्यावर अधिक आकसतें. हेड पुरतें निवूं द्यावें, मग खळग्यांत डिझेलचे चार थेंब सोडून काजळी भिजत ठेवावी. विजेरीच्या उजेडांत तारेनें हलकेंच ओरखडलें तर तांब्याची लालसर चमक दिसते. लोहचुंबकाचा येथें उपयोग नाहीं. तारेचा आकडा वायसराच्या भोंकांत अडकवून ओढल्यास तो पुष्कळदां सुटतो. न सुटल्यास आटे पाडण्याचा निमुळता टॅप ग्रीस फांसून भोंकांत हातानें फिरवावा. तांबें मऊ, त्यामुळें दांते चटकन् रुततात. रुतल्याचें हाताला कळतांच फिरविणें थांबवून टॅप सरळ वर उचलावा. ज्याला एवढा धीर नाहीं तो छिन्नी घेतो. तिचा एक ओरखडा बैठकीवर उमटला कीं नवा वायसरहि तेथें वायु अडवूं शकत नाहीं. हेड उतरवून बैठक कातून घ्यावी लागते, आणि आज सुटावयाचें पाणी आणखी कित्येक दिवस खोळंबतें.

तांब्याचा थोडा कीस खालीं पडतोच. डिझेल बंद ठेवून एंजिन हँडलनें कांहीं फेरे फिरविलें म्हणजे खळग्यांतून सुटणारी हवा तो बाहेर फेंकते. त्या वेळीं खळग्यांत डोकावणारा मनुष्य शहाणा नव्हे. बाहेर काढलेल्या इंजेक्टरचा फवारा तपासतांनाहि समोर हात धरूं नये. तो दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोहून अधिक असूं शकतो, आणि डिझेल कातडी भेदून आंत शिरतें. जखम टांचणीच्या टोंचण्याएवढी दिसते, परंतु वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमवावें लागतें.

टॅपनें काढलेला वायसर टाकूनच द्यावा. आकड्यानें अखंड निघालेला असेल तर अडचणीच्या वेळीं पुन्हां वापरतां येतो, पण तसाच नव्हे. दाबानें तो कठीण झालेला असतो. पुण्याच्या तांबट आळींत भांडें घडतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें ठाऊक असेल. ठोके खाऊन तांबें ताठ होतें, आणि तांबट तें मधून मधून तापवून मऊ करून घेतो. वायसरहि मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत टाकावा. पोलाद असें केल्यानें कठीण होतें, तांबें मात्र मऊच राहतें.

इंजेक्टर बसवितांना दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीनें, थोडे थोडे आंवळावे. एंजिन सुरू झाल्यावर इंजेक्टरच्या बुडाभोंवतीं तेलाचे चार थेंब सोडावे. वायु फुटत असेल तर त्यांत बुडबुडे येतात. तेल स्वस्थ राहिलें आणि धूर विरळ झाला, कीं फिटर हात पुसूं लागतो आणि मालक फावडें उचलून पाटाकडे वळतो.