कुंचल्याची मालकी कोणाची?

(कलाविद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कुंचला एकदा विकत घेतला की तो चित्रकाराचा होतो; दुकानदार दरमहा भाडे मागायला दारी येत नाही. संगणकावरच्या कुंचल्याचे तसे नाही. ‘फोटोशॉप’च्या नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीवर मिळतील, असे अ‍ॅडोबी कंपनीने २०१३ साली जाहीर केले. वर्गणी थांबली की अवजार हातातून गेले.

वर्गणी हाच शब्द मी आता निराळ्या अर्थाने वापरणार आहे. नेदरलँड्समधील ‘निओजिओ’ या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत, तेथल्याच कामाच्या गरजेतून, ‘ब्लेंडर’ ही प्रणाली १९९० नंतरच्या दशकात जन्मली. टॉन रूझेंडाल हे तिचे कर्ते. पुढे गुंतवणूकदारांच्या पैशावर कंपनी निघाली आणि २००२ साली बंद पडली. प्रणाली चांगली होती, वापरणारे कलावंत जगभर होते. परंतु मालकी भांडवलाची असल्यामुळे कंपनीबरोबर अवजारही कुलूपबंद झाले. मूळ संहिता मुक्त करण्यासाठी मालकांनी एक लाख युरो मागितले. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत ते उभे केले आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी संहिता सर्वांसाठी खुली झाली. उत्पादनाचे साधन त्यावर राबणाऱ्यांनी स्वतः सोडवून आणल्याचे असे उदाहरण आमच्या चळवळीतही विरळाच!

मालकी बदलली की घडण आपोआप सुधारते, असा भाबडा समज मात्र नको. घरच्या वापरासाठी बनलेल्या या प्रणालीत वस्तू निवडायला माउसची उजवी कळ दाबावी लागे. नवखा गोंधळून जाई. डावी कळ रूढ व्हायला २०१९ उजाडले. याउलट ‘बिग बक बनी’ (२००८) या लघुपटासाठी चित्रकार व प्रणालीकार एकत्र बसले. अंगभर लव असलेला ससा दाखवायचा होता, म्हणून केसांची साधने सुधारली. गरज आधी आणि साधन मागाहून, हा क्रम मला मोलाचा वाटतो.

लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ हा चित्रपट याच प्रणालीवर घडला व २०२५ साली ऑस्कर मिळवून गेला. पण २०१९ साली एपिक गेम्स या बड्या कंपनीने ब्लेंडरला बारा लाख डॉलरचे अनुदान दिले, हेही विसरू नका. संहिता मुक्तच राहिली, हे खरे. तथापि पुढच्या वर्षी कोणते काम आधी हाती घ्यायचे, हे ठरविताना मोठ्या देणगीदाराचा आवाज मोठा होणार नाही याची हमी कोण देणार? तुमच्यापैकी अनेकजण ही प्रणाली फुकट वापरतात. तिच्यात सापडलेला दोष लिहून कळविण्याचे कष्ट किती जणांनी घेतले?